मार्चअखेरचा पूल

जनमंच वाहिनीच्या रंगभूषेच्या खोलीत डॉ. सुलक्षणा झोरे आरशापुढे बसली होती आणि केदार वर्टीकर नावाचे गृहस्थ, काहीही न सांगता दहा मिनिटं बोलत कसं राहायचं, याची तिच्याकडून शेवटची उजळणी करून घेत होते.

"आपण पाण्यावर बोलायचं नाही," ते म्हणाले. "पाण्याविषयीच्या भावनेवर बोलायचं. रस्ता म्हणायचं नाही, वाट म्हणायचं. आकडा तर स्वप्नातसुद्धा नको."

सुलक्षणाने मान डोलावली. रंगभूषा करणाऱ्या बाईंनी तिची हनुवटी धरून पुन्हा जागेवर आणली. सुलक्षणा व्यवसायाने पशुवैद्य. आडलेल्या म्हशीपुढे भावना मांडून भागत नाही, बाह्या सरसावून हात घालावा लागतो, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. त्यामुळे वर्टीकरांची विद्या तिच्या पचनी पडत नव्हती. पण वर्टीकर या धंद्यातलं मोठं नाव. पुण्यात पूर्वी जिथे इंग्रजी बोलायला शिकवायचे तिथे आता निर्घंट वक्तृत्वाचे वर्ग भरायचे, आणि त्यातला सर्वांत महागडा वर्ग त्यांचा होता.

ही निर्घंट भानगड समजायची तर आधी पडताळा समजून घ्यायला हवा.

काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीत खोट्या चित्रफितींचा असा काही पूर आला, की न मेलेला उमेदवार मेला आणि न केलेलं भाषण तीन उमेदवारांना भोवलं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं काहीच खरं मानता येईना. तेव्हा राज्याने पडताळा बसवला. हे यंत्र बोलणाऱ्याचं वाक्य ऐकता ऐकता सोलायचं. प्रश्न, इच्छा, उपमा, उसासे सगळं बाजूला काढायचं; उरेल ते विधान. ते विधान घेऊन यंत्र राज्याच्या मोहोरबंद नोंदींत शिरायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत परतायचं. नोंदीशी जुळलं तर गप्प. नाही जुळलं तर घंटा.

या नोंदी कुणाला बदलता येत नसत, हीच त्यांची ताकद. प्रत्येक नोंदीची मोहोर तिच्या आधीच्या नोंदीतून तयार व्हायची, स्वेटरच्या विणीसारखी. मधला एक टाका ओढला तर पुढचं सगळं उसवणार आणि साऱ्या राज्याला दिसणार. छायाचित्र, चित्रफीत पुरावा म्हणून चालायची नाही. उपग्रहाने काढलेलं झालं तरी छायाचित्रच ते. एकदा मोहोर बसली की ती काळ्या दगडावरची रेघ. ती पुसायला एकच वाट ठेवलेली होती: मोहोर उठवणाऱ्याने स्वतः, जिवंत, आपल्या तोंडाने ती मागे घ्यायची; आपल्याच नोंदीविरुद्ध तो बोलला तर घंटा वाजायची नाही. आणि घेतली की खोट्या नोंदीबद्दल लगेच खटला. त्यामुळे त्या वाटेने आजवर कुणी गेलं नव्हतं.

कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं, आता पुढारी खरं बोलतील. पुढारीच ते! त्यांनी विधान करणंच सोडून दिलं. थेट चर्चेत तीन घंटा झाल्या की माईक बंद आणि मतदानापर्यंत कुठल्याही वाहिनीवर तोंड दाखवायला बंदी, मग कोण कशाला विधान करतो? 'माझ्या मातीची हाक माझ्या काळजात आहे' या वाक्यावर कुठलंही यंत्र घंटा वाजवू शकत नाही. चर्चा आता अशाच चालायच्या आणि लोक त्या देवळातल्या प्रवचनासारख्या ऐकायचे, म्हणजे इतर कामं करत करत.

"आणि तो आजचा शेवटचा परिच्छेद एकदा म्हणून दाखवा," वर्टीकर म्हणाले.

सुलक्षणाने तो म्हटला नाही. आरशातूनच त्यांच्याकडे पाहत ती म्हणाली, "मी पुलावर बोलणार आहे."

वर्टीकर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बाई थट्टा करत नाहीत. ते धावतच बाहेर गेले आणि आबांना घेऊन आले.

आबा म्हणजे बाजीराव शेडगे. तारणा खोऱ्याचे चार वेळचे आमदार. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी राजीनामा दिला म्हणून तर ही पोटनिवडणूक लागली, आणि पुतणे, जावई रांगेत उभे असताना त्यांनी उमेदवारी दिली ती धनगरवाड्यावरच्या या पोरीला. सुलक्षणाच्या शिक्षणातही त्यांनीच लक्ष घातलं होतं. वसतिगृहात जागा मिळेना तेव्हा स्वतः जाऊन त्या अधीक्षकाच्या दारात बसले होते. पडताळा आल्यापासून इतक्या चर्चा केल्या, पण आबांवर एकदाही घंटा वाजली नव्हती. त्याचा त्यांना भारी अभिमान.

"काय ऐकतोय डॉक्टर?" खुर्ची ओढून बसत त्यांनी विचारलं. "पूल कशाला काढतीस?"

कशाला ते त्यांना माहीत होतं. तारणेच्या धरणाचं पाणी भरलं तेव्हा पल्याडची सात गावं जगापासून तुटली. त्यांच्यासाठी पूल मंजूर झाला आणि सरकारी नोंदीत तो पूर्णही झाला. पाण्यात मात्र त्याचे दोन खांब तेवढे उभे होते आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसायचे. लोक लाँचने ये-जा करायचे, वारा असेल तर तेही नाही. गेल्या पौषात सुलक्षणाच्या वहिनीला, चंद्राला, कळा सुरू झाल्या. वाऱ्याने लाँच निघेना. रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिका बिनचालकाची, सरकारी नकाशावर चालणारी, आणि नकाशा त्या नोंदींवर चालणारा. ती अल्याडच्या काठाला आली, पाण्यापाशी थांबली आणि निळा दिवा फिरवत उभी राहिली. तिच्या लेखी पुढे पूल होता आणि पुलावर काहीतरी अडथळा होता. अडथळा दूर होईपर्यंत ती शहाण्यासारखी वाट पाहत राहिली. पल्याड चुलीशेजारी सुलक्षणाने, जनावरांच्या डॉक्टरने, आपल्या वहिनीचं बाळंतपण केलं. चंद्रा वाचली. मूल गेलं. मुलगी होती.

नंतर सुलक्षणाने तक्रार केली. पडताळ्याने ती फेटाळली. रुग्णवाहिका वेळेत पोहोचली होती, पूल वापरात होता, सबब तक्रार असत्य.

त्या दिवसापासून ती या वाटेवर होती. उमेदवारी तिने दुसऱ्या कशासाठी घेतलीच नव्हती. एवढ्या मोठ्या पडद्यावर, साऱ्या राज्याच्या देखत पूल नाही म्हणायचं, घंटा वाजेल ती वाजू द्यायची, पण म्हणायचं. घंटा खोटी आहे हे लोकांना कळायचं तर ती आधी वाजायला तर हवी.

आबांनी वर्टीकरांना आणि रंगभूषेच्या बाईंना बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुलक्षणाने त्यांना बिनटोपीचं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"त्या नोंदीवर मोहोर माझी हाय," ते म्हणाले.

मोहोरेवर नाव दिसत नसे, नुसता क्रमांक. नाव फक्त यंत्राला ठाऊक. सुलक्षणाने आजवर एखाद्या मठ्ठ अभियंत्याला किंवा लबाड ठेकेदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

आबांनी सगळं सांगितलं. तेव्हा ते बांधकाम समितीचे अध्यक्ष होते. मार्च संपत आला होता आणि पुलाचा निधी परत जायच्या बेतात होता. आपल्याकडे मार्चअखेरीला काय चालतं ते कुणाला सांगायला नको. विहिरी कागदावर खणल्या जातात, भिंती कागदावर उभ्या राहतात आणि मग एप्रिलात सावकाश त्यांना विटा लागतात. त्यात कुणाला पाप वाटत नाही. उलट निधी वाचवला म्हणून पाठ थोपटतात. आबांनीही पूल पूर्ण दाखवून पैसे ठेकेदाराकडे वळवले, पावसाळ्याआधी काम उरकायचं या बोलीवर. ठेकेदाराने दोन खांब उभे केले आणि पळ काढला. त्याच वर्षी पडताळा आला आणि जुन्या सगळ्या नोंदींवर एकदमच मोहोर बसली. कागदावरची गंमत दगडाची झाली.

"नवा पूल मागायला गेलो, तर म्हणाले हाय की पूल," आबा सांगत होते. "मग म्या डोकं चालवलं. म्हटलं रुंदीकरण मागू, म्हंजे त्या नावाखाली बांधता येईल. तर उत्तर आलं, सदर पुलावरून वाहतूक शून्य, सबब रुंदीकरणाची गरज न्हाई."

दुसरी कुठली वेळ असती तर दोघं पोट धरून हसली असती.

"चंद्राच्या वेळेला तुम्ही घरी आला होता," सुलक्षणा म्हणाली. "ओसरीवर बसून रडला होता, आबा."

"ते खोटं न्हवतं."

"मला माहितेय. म्हणून तर काय करावं कळंना झालंय."

तिला राग आला होता, आणि या माणसावर रागावता येत नाही याचा तिला जास्त राग येत होता. आबांनी हात जोडले नाहीत, पण आवाज जोडल्यासारखाच झाला. ते म्हणाले, एक डाव निवडून ये, मग आत बसून हळूहळू काहीतरी वाट काढू. आता बोललीस तर तीन घंटा खाशील, घरी बसशील आणि पूल काही यायचा नाही. आणि कुणी खणत गेलं तर या वयात मला कोर्टाची पायरी. सगळं आयुष्य या खोऱ्यात नावावर काढलंय.

बाहेरून दारावर टकटक झाली. बोलावणं आलं होतं.

सुलक्षणा उठली. आबांच्या गुडघ्यावरची टोपी उचलून तिने त्यांच्या हातात दिली. "तुमचं नाव माझ्या तोंडातून यायचं न्हाई," ती म्हणाली. "पण तिथं पूल हाय, असंही मी म्हणायची न्हाई. आणि गप बसायचीही न्हाई."

चर्चेचा मंच लख्ख होता. समोर दोनेकशे प्रेक्षक, पहिल्या रांगेत कडेला आबा. सूत्रसंचालिका मृण्मयी परचुरे यांच्या मेजावर पडताळ्याची घंटा, खरीखुरी पितळेची. लोकांना जरब बसावी म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली. पिसाळलेल्या बैलासमोर उभं राहतानाही सुलक्षणाचे तळहात असे ओले होत नसत.

आधी प्रतिस्पर्धी जयसिंग बर्गे बोलले. काय बोलले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. खोऱ्याचा श्वास, आयाबहिणींचा आशीर्वाद, उद्याची पहाट असं करत त्यांनी आपली दहा मिनिटं भरून काढली. यंत्र झोपी गेल्यासारखं गप्प होतं. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालिकेने सुलक्षणाकडे हात केला.

"मी झोरेवाडीची. तारणेच्या पल्याडची," तिने सुरुवात केली. "आमच्या तारणेवर पूल नाही."

टण्ण.

पडद्यावर लाल पट्टी आली. असत्य. तारणा पूल पूर्ण व वापरात. सभागृहात कुजबूज झाली. पडद्याच्या कडेला उभ्या वर्टीकरांनी डोळेच मिटून घेतले. पहिल्याच चर्चेच्या तिसऱ्याच वाक्याला घंटा, असं त्यांच्या वर्गाच्या इतिहासात घडलं नव्हतं.

सुलक्षणा थांबली नाही. तिने चंद्राची गोष्ट सांगितली. सरळ, रडगाणं न लावता, रोग्याची हकिकत सांगावी तशी. वारा कसा होता, लाँच का सुटली नाही, काठावर दिवा कसा फिरत राहिला. यंत्राला एकही विधान चुकीचं सापडेना, कारण वाऱ्याची नोंद होती, लाँचची होती, रुग्णवाहिकेचीही होती. "ती गाडी वाट बघत होती," ती म्हणाली, "कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तारणेवर पूल नाही."

टण्ण.

"डॉक्टर झोरे," परचुरेबाई म्हणाल्या, "आणखी एक घंटा, आणि तुमचा माईक बंद होईल. विधान मागे घेतलंत तर एक घंटा कमी होईल. घेता?"

"नाही."

बर्गे दिलदारपणे हसले. यंत्राशी भांडू नये, असं त्यांनी वडीलकीने सुचवलं. मग परचुरेबाईंनी विचारलं, की याचा अर्थ राज्याची मोहोर खोटी आहे असा तुमचा आरोप आहे का? असेल तर ती कुणाची, हे तुम्हाला माहीत आहे का?

सुलक्षणाला सोपं उत्तर येत होतं. दोन शब्दांत सगळं संपलं असतं. दोषी सापडला असता, ती मोकळी झाली असती. पहिल्या रांगेकडे तिने पाहिलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सांगणार नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. पण पूल नाही म्हणजे ना..."

"थांब," कुणीतरी म्हणालं.

आबा उभे राहिले होते. गुडघे साथ देत नव्हते, तरी मंचाच्या दोन पायऱ्या त्यांनी कुणाचा हात न धरता चढल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. या माणसाला खोऱ्यातच काय, राज्यातही कोण ओळखत नव्हतं! त्यांनी सुलक्षणाच्या माईकवर हात ठेवला.

"मी बाजीराव नारायण शेडगे. तारणा पुलाच्या नोंदीवरची मोहोर माझी हाय. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीला म्या पूल पूर्ण दाखवला. पूल बांधलाच न्हाई. ही पोरगी खरं बोलतीय आणि घंटा खोटी वाजतीय. मी माझी मोहोर मागं घेतो."

यंत्राला आवाज ओळखायला क्षणही लागला नसेल, पण उसवायला वेळ लागला. पडद्यावर नोंदींची साखळी उलगडताना दिसू लागली: पूल, नकाशा, रुग्णवाहिकेचा मार्ग, फेटाळलेली तक्रार. एकेक टाका सुटत गेला. परचुरेबाई तोंडावर हात ठेवून बघत होत्या. बर्गेंचं हसू जागच्या जागी वाळलं होतं. त्यांच्याही नावावर कागदावरचे दोन तलाव होते, आणि ते त्यांना आता स्वच्छ आठवत असावेत.

सुलक्षणाला रडू आलं. आबा खाली उतरताना ती त्यांना धरायला पुढे झाली, तर त्यांनी तिला परत लोटलं. "माझ्याकडं काय बघतीस," ते म्हणाले. "माईक चालू हाय अजून. बोल."

ती माईकपाशी आली. साऱ्या राज्यात त्या घटकेला जिथे जिथे पडदा होता तिथे तिथे माणसं हातचं काम टाकून बघत होती. झोरेवाडीत समाजमंदिरापुढे चंद्रा उभी होती आणि शेजारणीने तिचा हात घट्ट धरला होता.

"तारणेवर," सुलक्षणा म्हणाली, "पूल नाही."

सगळ्यांच्या नजरा घंटेकडे गेल्या.

घंटा वाजली नाही. ती वाजत नाही याची खात्री व्हायला लोकांना चांगलाच वेळ लागला. मग पडद्यावर हिरवी पट्टी आली आणि सभागृह उठून उभं राहिलं. वर्टीकर आपली सगळी विद्या विसरून लहान मुलासारख्या टाळ्या पिटत होते.

टाळ्या ओसरल्यावर सुलक्षणाने बर्गेंना एकच प्रश्न विचारला. तुम्हीही प्रचाराला पल्याड येऊन गेलात, तर कशाने आलात? बर्गेंनी घसा साफ केला. "जनतेच्या प्रेमाच्या नावेतून," ते म्हणाले. यंत्र गप्प राहिलं; पण प्रेक्षक मात्र असे हसले, की बर्गेंना खाली बसावं लागलं.

तिची वेळ अजून बाकी होती. ती पुलाबद्दल बोलली, किती लांब हवा, किती उंच हवा, सगळे आकडे घालून. कितीतरी वर्षांनी त्या मंचावर आकडे ऐकू येत होते आणि घंटा एकदाही वाजली नाही.

ती बोलणं संपवत होती तोच परचुरेबाईंनी कानातल्या यंत्रावर बोट दाबलं. मग त्या जरा गोंधळून म्हणाल्या, की दूरच्या एका जिल्ह्यातून दूरध्वनी आलाय, त्या गृहस्थांचा आवाज पडताळ्याने ओळखलाय, आणि त्यांना आत्ताच्या आत्ता बोलायचंय. सभागृहात एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज घुमला.

"मी निवृत्त उपअभियंता. माझ्या मोहोरेनं एक दवाखाना पूर्ण झालेला आहे. तो दवाखाना तिथं नाही."

घंटा गप्प होती. परचुरेबाईंच्या मेजावर दुसरा दिवा लागला, मग तिसरा, मग एकदमच सगळे. सुलक्षणा मंचावरून खाली उतरली, आबांच्या शेजारी जाऊन बसली, आणि दोघं ऐकू लागली.